पिकअप बदलण्याआधी एवढं करून बघा

घरात इलेक्ट्रिक गिटार आहे. आवाज मनासारखा निघत नाही. कुणीतरी सांगितलं, पिकअप बदल. तुम्ही मोबाईलवर किमती बघितल्या आणि गप्प झालात. नामांकित कंपनीचा एकच पिकअप कधी कधी तुमच्या अख्ख्या गिटारीच्या किमतीत जातो.

पिकअप घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण भिवापुरात ज्या घरात मिरच्यांचे देठ खुडायच्या सातऱ्यावरच्या मजुरीतून पोराची गिटार आली, त्या घराला दुसऱ्यांदा तेवढाच खर्च सांगताना जरा विचार करावा लागतो. म्हणून आधी काय तपासायचं, मग काय निवडायचं आणि शेवटी ते कसं बसवायचं, हे सांगतो. बहुतेक कामं गावातच होतात. नागपूरची फेरी सगळं ठरल्यावर करा.

आधी पिकअप म्हणजे काय ते समजून घ्या. एक चुंबक, आणि त्याभोवती ०.०६ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार. तिचे हजारो वेढे, म्हणजे एक गुंडाळी. वर स्टीलची तार थरथरली की त्या वेढ्यांत किंचितशी वीज तयार होते. ती केबलमधून अँपकडे जाते आणि मोठी होऊन बाहेर पडते. बस, इतकंच. गिटारीला नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअपला काहीच कळणार नाही, कारण त्याला लोखंड लागतं.

जॉर्ज बीचम या अमेरिकी वादकाने १९३१ मध्ये ही युक्ती जमवली. तीही मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारसाठी. आपल्याकडे व्हॅन शिपले आणि सुनील गांगुली यांनी सिनेगीतांच्या धून घरोघरी पोचवल्या, त्या याच जातीच्या वाद्यावर. भजनात, भीमगीतांच्या कार्यक्रमात जो बँजो वाजतो, म्हणजे बटणं दाबून वाजवायचा बुलबुल तरंग, त्यालाही मोठ्या मंडपासाठी असाच पिकअप बसवतात. तेव्हा घरात गिटार नसून बँजो असेल, तरी पुढचं बरंचसं तुमच्या कामाचं आहे.

आता तपासणी. क्रमाने करा.

पहिलं काम, तारा बदला. तारा काळवंडल्या असतील, बोटाला खरखरीत लागत असतील, तर आवाज बसणारच. घामाने त्या मरतात. नवा संच काही शे रुपयांत येतो. आवाज मंद झाला म्हणून तक्रार करणाऱ्या कितीतरी गिटारी एवढ्यानेच सुधारतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसायची सवय लावा, संच जास्त टिकेल.

दुसरं, केबल बदलून बघा. मित्राची मागा. वाजवताना केबल हलवली की कडकड होते का, ते ऐका. मग गिटारीच्या जॅकचा नट हाताने हलवून बघा. तो सैल होऊन आतली तार तुटायला आलेली असते, आणि दोष मात्र पिकअपवर येतो.

तिसरं, गिटार दुसऱ्या अँपला लावून ऐका. हे फार महत्त्वाचं आहे. बरीच मुलं गिटार घरच्या होम थिएटरला जोडतात, किंवा कार्यक्रमात थेट मंडपवाल्याच्या मिक्सरला. पिकअपची वीज दुबळी असते. मिक्सरमधलं माईकचं भोक ती खेचून घेतं आणि वरचे सूर मरतात. त्यात मंडपाचे स्पीकर गाण्यासाठी बनवलेले. गिटारच्या अँपचा स्पीकर कर्कश भाग आपोआप गाळतो, तसं हे करत नाहीत. आवाज एकाच वेळी दबलेला आणि टोचरा वाटतो. यावर उपाय डीआय बॉक्स किंवा गिटारचा साधा प्रोसेसर. तो गिटार आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायचा. तुमची अडचण ही असेल, तर जगातला सगळ्यात महाग पिकअप बसवूनही ती जाणार नाही.

चौथं म्हणजे उंची. हे फुकट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. तरी कुणी करत नाही.

पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. ते फिरवले की पिकअप वर-खाली होतो. शाळेची प्लास्टिकची पट्टी घ्या. स्टीलची घेऊ नका, ती चुंबकाला चिकटते. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजा.

तीन बारीक, एकेका गुंडाळीच्या पिकअपची गिटार असेल, तर जाड तारेकडे सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. दोन गुंडाळ्यांचे रुंद पिकअप असतील, म्हणजे हमबकर, तर ब्रिजकडचा सुमारे १.६ आणि मानेकडचा २.४ ठेवून बघा. हे आकडे फक्त सुरुवातीचे. पट्टीवर अर्धा मिलिमीटर दिसत नाही, म्हणून शेवटचा निवाडा कानानेच करायचा. एकावेळी स्क्रू अर्धा फेरा फिरवा, वाजवा, ऐका.

पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो. मग जाड तारेवर वरच्या फ्रेटना सूर हिंदकळतो. ट्यूनर बरोबर दाखवतो, तरी कानाला बेसूर वाटतं. सूर लांबतही नाही. लोक याला गिटारचा दोष समजतात. पिकअप दोन फेरे खाली घ्या, दोष गेलेला दिसेल. उलट फार खाली असेल तर आवाज पातळ आणि मेंगळट येतो. ब्रिजकडचा आणि मानेकडचा पिकअप आळीपाळीने वाजवा. दोघांचा जोर साधारण सारखा लागला पाहिजे. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तो पिकअप थोडा वर लागतो.

एक संध्याकाळ या कामाला द्या. घाई करू नका.

पाचवं, आतल्या वस्तू. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर आत धूळ बसली आहे. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि दहा-वीस वेळा बटण इकडून तिकडे. त्या बटणाखालच्या पॉटच्या पाठीवर २५० के किंवा ५०० के लिहिलेलं असतं. बारीक पिकअपला २५० लागतं, हमबकरला ५००. स्वस्त गिटारीत कारखानेवाले कधी कधी हाताला येईल ते बसवतात. हमबकरमागे २५० असेल तर आवाजावर गोधडी टाकल्यागत होतं. पॉट स्वस्तात मिळतं. पिकअपच्या खर्चापुढे काहीच नाही.

पिकअप खरंच मेला आहे का, हेही घरी कळतं. गावातल्या टीव्ही किंवा मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मल्टिमीटर असतोच. केबल गिटारीला लावा, व्हॉल्यूम पूर्ण करा. मीटर २० के वर ठेवून केबलच्या मोकळ्या टोकाच्या पिनला आणि बाहेरच्या धातूला काड्या लावा. बारीक पिकअप ५ ते ८ दाखवेल. साधा हमबकर ७ ते ९, जोरदार हमबकर १६ पर्यंतही. आकडा आलाच नाही तर आतली तार तुटलेली आहे, नाहीतर सोल्डरचा डाग सुटला आहे. आधी डाग बघा. डाग सुटलेला असेल तर काम पाच मिनिटांचं.

आता घरघरीबद्दल. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा प्रश्न नुसता आवाजाचा नाही.

आपल्या विजेचा ठोका ५० हर्ट्झचा. बारीक पिकअप हा एकाच गुंडाळीचा असतो आणि तो हवेतली ही घरघर उचलतो. पंख्याचा रेग्युलेटर, जुन्या ट्यूबचा चोक, स्वस्त एलईडी, इन्व्हर्टर, मोबाईलचा चार्जर, सगळ्यांची. आधी या वस्तू एकेक बंद करून बघा. गिटार हातात घेऊन जागेवरच गोल फिरा. एका दिशेला घरघर कमी होईल. मग बसायची जागा तीच.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर गिटारीतली अर्थची जोडणी धड आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जोडणी सुटली आहे किंवा उलटी झाली आहे. गिटार उघडून ब्रिजकडे जाणारी बारीक तार शोधा. बँजोतही ही तार असते. बँजो घरघरतो तेव्हा आधी तीच बघा.

पण अर्थ घरातच नसेल तर? गावाकडे कितीतरी घरांत तीन भोकांच्या बोर्डातलं वरचं भोक नुसतं शोभेचं असतं. घरघर कमी व्हावी म्हणून काही जण अँपच्या प्लगची तिसरी पिन तोडून टाकतात. कृपा करून असं करू नका. तुमच्या पोराला करू देऊ नका.

कारण ऐका. गिटारीच्या तारा आतून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याचे हात अखंड त्या अर्थवर. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थ नसला, तर वीज तारांवर येते. समोर गाण्याचा माईक दुसऱ्या लाइनवरचा. ओठ माईकला लागले की माणूसच मधली तार होतो. १९७२ च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या स्वॉन्सी शहरात लेस हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात असाच गेला. अर्थ नसलेल्या माईकला त्याचा हात लागला होता.

आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात, झाडीपट्टीतली नाटकं रात्ररात्र चालतात. थंडीत दव पडून मंडपाखालची जमीन ओलसर होते. वीज बहुतेक जनरेटरची. अशा ठिकाणी वाजवायला जाणार असाल तर मंडपवाल्या भाऊंना आधीच तीन गोष्टी सांगा. जनरेटरचा अर्थ जमिनीत ठोका. गिटारचा अँप आणि माईकची मशीन एकाच बोर्डावरून घ्या. आणि बोर्डाला गळती पकडणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, लावा. गाण्याआधी माईकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. दिवा जरा जरी लुकलुकला तर वाजवू नका. पायात रबरी तळव्याची चप्पल असू द्या, पण नुसत्या तिच्यावर भिस्त ठेवू नका. लोक थांबतील. नाटकवाले रागावतील. रागावू द्या.

एवढं सगळं करूनही आवाज पटत नसेल, तर आता पिकअप घ्या. निवडायचा कसा?

तुम्ही काय वाजवता, हे आधी स्वतःला विचारा. जुनी सिनेगीतं, भावगीतं, ऑर्केस्ट्रात गाण्यामागचे स्वच्छ तुकडे, असं असेल तर बारीक पिकअप गोड. त्याचा सूर मोकळा आणि टणक. १९५४ पासून फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये असे तीन असतात. तुमच्या स्वस्त गिटारीचा आकार बहुधा तिच्याच नकलेचा असेल.

जड रॉक, मेटल, भरपूर डिस्टॉर्शन असेल तर हमबकर. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९५७ पासून तो गिटारींवर दिसू लागला. दोन गुंडाळ्या शेजारी, एकमेकींच्या उलट, चुंबकही उलटे. तारेचा सूर दोन्हींतून मिळून वाढतो आणि घरघर एकमेकींना खाऊन टाकते. जनरेटरवर वारंवार वाजवणाऱ्याने हमबकरचाच विचार करावा, असं माझं मत आहे. सूर थोडा जाड येतो, पण शांत येतो.

चुंबकाच्या दोन मुख्य जाती आहेत. अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेला मिश्रधातू. आणि सिरॅमिक. अल्निको साधारण मऊ, सिरॅमिक साधारण धारदार. स्वस्त गिटारीत सिरॅमिक असतो, म्हणून तो वाईट असं नाही. उत्तम पिकअपही सिरॅमिकचे असतात.

दुकानदार आकडा सांगेल. हा ८ के, हा १६ के, दुप्पट दमदार. भुलू नका. तो आकडा तारेच्या लांबी-जाडीचा आहे, गोडव्याचा नाही. वेढे वाढले की जोर वाढतो आणि वरचे सूर कमी होतात. आपली भिवापुरी मिरची तिखट आहे म्हणून कुणी भाजीत मूठभर टाकत नाही. तुम्हाला स्वच्छ गाणी वाजवायची असतील तर १६ चा पिकअप घेऊन पस्तावाल.

मग माप. बारीक तारेच्या आणि जाड तारेच्या खालच्या खुंट्यांमधलं अंतर मोजा. हमबकरमध्ये ते साधारण ५० किंवा ५३ मिलिमीटर असतं. तुमच्या गिटारीच्या तारांशी जुळेल ते घ्या. बारीक पिकअपच्या जागी हमबकर हवा असेल, तर त्याच मापात बसणारे दोन गुंडाळ्यांचे पिकअप मिळतात. ते घ्या. हमबकर बसावा म्हणून सुताराकडून लाकूड कोरून घेऊ नका. कोरलेलं लाकूड परत भरत नाही, आणि उद्या गिटार विकायची झाली तर अर्धी किंमत येईल.

बॅटरीवर चालणारे पिकअपही असतात. पहिल्यांदा बदलणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

सगळे पिकअप एकदम बदलू नका. एकच बदला. बहुतेकांचं समाधान ब्रिजकडचा बदलून होतं. उमरेडमार्गे नागपूरला जाणार असाल तर गिटार सोबत न्या आणि दुकानात तशाच पिकअपची गिटार वाजवून बघा. मुंबईत धोबीतलावला फुर्ताडोस हे १८६५ सालचं वाद्यांचं दुकान आहे. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर चौकशी करायला सांगा. ऑनलाइन घेत असाल तर पक्कं बिल मागा. मोठ्या नावांच्या नकला निघतात, आणि अर्ध्या किमतीत अस्सल माल कुणी देत नाही.

बसवण्याचं काम गावातला दुरुस्तीवाला करू शकतो. पाच-सहा डागांचं काम आहे. पण त्याच्यापाशी बसून करून घ्या. त्याला सांगा, २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे, आणि पत्र्याला लावतात ती ॲसिडची पेस्ट वापरायची नाही. ती हळूहळू तांबं खाते. राळ भरलेली सोल्डरची तारच हवी.

घरी करणार असाल तर खिडकी उघडा. धूर छातीत घेऊ नका. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून लहान मुलांना दूर बसवा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुऊनच जेवायला बसा. गिटारीच्या अंगावर जुनं फडकं अंथरा. सोल्डरचा एक थेंब पॉलिश उडवतो.

आता क्रम. तारा सैल करा. झाकण उघडा. काहीही सोडवण्याआधी मोबाईलने तीन-चार बाजूंनी फोटो काढा. हा फोटो नसेल तर पुढे कुणीच मदत करू शकत नाही.

जुना पिकअप सोडवा. नव्याच्या तारांचे रंग कंपनीच्या कागदावरून वाचा, अंदाजाने जोडू नका. सेमूर डंकनच्या हमबकरमध्ये काळी तार सिग्नलची, हिरवी आणि उघडी तार अर्थची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची. दिमार्झिओमध्ये सिग्नलची तार लाल, अर्थ हिरवी आणि उघडी, काळी-पांढरी एकत्र. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला तर आवाज येईल, पण चुकीचा येईल.

झाकण लावण्याआधी तपासा. केबल लावा, अँप हळू ठेवा, आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरने पिकअपच्या डोक्यावर हलकेच टकटक करा. टक ऐकू आली तर जोडणी जिवंत. मग तारा चढवा आणि दोन्ही पिकअप एकत्र वाजवा. दोघांचा मिळून आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा झाला, तर ते एकमेकांविरुद्ध जुळले आहेत. अशा वेळी चार तारांच्या नव्या हमबकरची सिग्नलची तार आणि हिरवी तार यांची अदलाबदल करा. उघडी तार मात्र अर्थलाच ठेवा.

नवा पिकअप बसला की उंची पुन्हा लावायची. जुनी उंची चालणार नाही.

आणखी एक. बदलण्याआधी एक गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. बदलल्यावर तेच गाणं, त्याच अँपवर, फोन त्याच जागी ठेवून पुन्हा. मग दोन्ही घरातल्या कुणाला तरी ऐकवा, कोणतं कोणतं ते न सांगता. ज्याने पैसे खर्च केले त्याच्या कानाला नवीन नेहमीच गोड वाटतं. आईला, बहिणीला गिटारचं काही कळत नाही, म्हणूनच त्यांना विचारा.

जुना पिकअप टाकू नका. त्याला चिठ्ठी लावा, कुठल्या गिटारीचा, मीटरवर किती आकडा, आणि डब्यात ठेवा. नवा नाही आवडला तर तो परत बसवता येतो, आणि नवाही कुणी ना कुणी घेईल. फक्त त्याची तार लांब राहिली पाहिजे. म्हणून बसवताना उरलेली तार कापू नका. गुंडाळा, टेप लावा आणि पोकळीत सारून द्या.